सोबत कोण आहे?

सोमवार, १० जून २०२४

आज गरोदर मातांच्या तपासणीचा वार. दुपारी बारापर्यंत बाकड्यावर बसायला जागा नव्हती. पाऊस अजून आमच्या दुष्काळी पट्ट्याकडे फिरकलेला नाही. पंखा एकच, माझ्या टेबलावरचा, म्हणून सगळ्या बाया वजनकाट्याभोवतीच दाटीवाटीने उभ्या होत्या.

त्यांतच ती होती. तेवीस वर्षांची, आठवा महिना संपत आलेला, पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. केसपेपरवर नावाच्या वर कुणीतरी लाल शाईने ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'एम. आर.'. मतिमंद म्हणायची आमच्या खात्यातली ही जुनी पद्धत. कायद्याने तो शब्द टाकून दिल्याला सात वर्षं झाली, आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. लाल शाई मात्र जागेवर आहे. एकदा ती दोन अक्षरं कागदावर उमटली की माणसं आपोआप मोठ्या आवाजात बोलायला लागतात, आणि तेही दुसऱ्याच कुणाशी तरी.

डॉक्टर मॅडमनी नेहमीचे प्रश्न विचारले. पायाला सूज आहे का, लोहाच्या गोळ्या घेते का, अंगावरून पाणी जातं का. सगळे प्रश्न तिच्या आईला. बाळ पोटात फिरतं का, हेसुद्धा आईला! त्या बावरून म्हणाल्या, "फिरत असंल की." तेवढ्यात ही म्हणाली, "रातीला लय लाथा मारतंय. मी जेवले की गप बसतंय." मॅडमनी मान वर न करता लिहिलं, 'हालचाल व्यवस्थित'. माहिती तिने दिली. तिच्याकडे पाहिलं कुणीच नाही.

मी रक्तदाब घेताना तिने विचारलं, "ह्ये दुखतं का?" म्हटलं, "आवळतं आणि मग सैल होतं." "किती येळ?" "वीस मोजेपर्यंत." ती मोजत बसली. मधला एखादा आकडा गळत होता, पण पट्टा सैल होईपर्यंत तिने मोजणं सोडलं नाही.

केसपेपर काढताना खिडकीवर पहिला प्रश्न असतो, "सोबत कोण आहे?" गेली अठ्ठावीस वर्षं मीही तो विचारत आले आहे. आज तो कानाला वेगळा लागला.

मंगळवार, ११ जून

रात्री झोप आली नाही. कधीतरी लिहायचंच होतं ते आज लिहिते.

१९९४ च्या फेब्रुवारीत मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढली, अशी बातमी पेपरात आली. त्यांना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही, हे कारण दिलं होतं. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. हॉस्टेलच्या जेवणघरात आमची त्यावर चर्चा झाली. आम्हा बहुतेक मुलींना ते योग्यच वाटलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं. "कोण धुणार त्यांचं?" असं आमच्यातलीच एक म्हणाली आणि आम्ही माना डोलावल्या. त्या मुलींना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न आमच्या टेबलावर आलाच नाही. कपडे धुणाऱ्याची अडचण सुटावी म्हणून दुसऱ्याच्या शरीरातला अवयव काढायचा, हे आम्हाला, उद्या ज्यांच्या हाती रुग्ण सोपवले जाणार होते त्यांना, खटकलं नव्हतं.

आणि मग २००१. मी तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यात होते, त्याचं नाव इथे नको. भावाने बहिणीला दुसऱ्या बाळंतपणाला आणलं होतं. तिच्याही कागदावर तीच लाल अक्षरं. बाळंतपणानंतर दोन दिवसांनी तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालं. संमतीच्या कागदावर अंगठा हवा होता. तो मी घेतला. तिचा अंगठा माझ्या हातात धरून शाईवर दाबला, कागदावर दाबला, आणि नंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून दिला. ती पुसलेल्या अंगठ्याकडे पाहून हसली. अंगठा कशासाठी ते तिला सांगितलं नव्हतं. भावाने नाही, डॉक्टरांनी नाही, मी नाही.

तो मऊ, शाईचा अंगठा अजून माझ्या बोटांत आहे.

शुक्रवार, २१ जून, वटपौर्णिमा

सकाळपाळीच्या निम्म्या जणी उपाशी. ड्यूटीवर यायच्या आधी कुणी वडाला फेरे मारून आलेली, कुणी सुताचं रीळ पर्समध्ये घेऊन आलेली. चहाच्या वेळी तिचा विषय निघाला. ती या महिन्यात दोनदा येऊन गेली, सगळ्यांनाच आता माहीत झाली आहे.

"लग्न तरी कशाला लावलं म्हणते मी."
"पोराचं काय होणार? आजीच्याच गळ्यात पडणार."
"ही कुशीवर वळली तर बाळ खाली दाबून टाकेल, बघा."
"डिलिव्हरी झाली की तिथंच तांबी बसवून टाकू. तिला कळायचंसुद्धा नाही."

हे म्हणणाऱ्या दुष्ट बाया नाहीत. शेवटचं वाक्य जिने उच्चारलं तिने गेल्या उन्हाळ्यात एका ऊसतोड बाईला स्वतःच्या पैशाने रक्ताची पिशवी आणून दिली होती. तिच्या मनात कणव आहे आणि ती खरी आहे. तरीही समोरचीला विचारावं असं या कणवेला सुचत नाही.

माझी भाची पुण्यात एम. एस्सी. नर्सिंग करते. तिने दोन कागद मोबाइलवर पाठवले होते. एक स्वीडनचा, २०१३ चा, तिथल्या सुईणींना विचारून केलेला. बौद्धिक दिव्यांग बायांची काळजी घेण्याइतकं ज्ञान आपल्याकडे नाही असं त्यांनी कबूल केलं, आणि या बायांना आईपण झेपेल का याबद्दल कितीतरी जणींना शंका होती. इतका श्रीमंत देश, तिथल्या सुईणी इतक्या शिकलेल्या, आणि शंका आमच्या चहाच्या टेबलावरचीच. दुसरा कागद कॅनडातल्या मॉरिस फेल्डमन यांच्या कामाविषयी. त्यांनी अशा आयांना बाळाची कामं लहान लहान पायऱ्यांत, चित्रांतून आणि प्रत्यक्ष करून दाखवून शिकवली, आणि त्या शिकल्या. मला त्यात नवल वाटलं नाही. पहिलटकरणीला बाळ छातीला लावायचं आम्ही शिकवतोच. वकील असलेल्या बाईलाही शिकवलं आहे. उलट्या लंगोटाची बी. ए. झालेली आई मी दर महिन्याला पाहते.

या दोन कागदांबद्दल मी चहाच्या वेळी काहीच बोलले नाही, याची चुटपुट लागली आहे.

सोमवार, २४ जून

आज तिला तपासणीच्या पडद्याआड एकटीला घेतलं. तिची आई पडद्यापर्यंत मागोमाग आली. म्हटलं, "मावशी, पाचच मिनिटं." आत आल्यावर तिला म्हटलं, मी तुझ्याबद्दल वहीत लिहिते, चालेल का? "माझं नाव नका लिहू," ती म्हणाली. म्हणून या वहीत नाव नाही.

आधी विचारायचं ते विचारलं. घरात कोणी मारतं का, कोणी नको तिथे हात लावतं का, नवऱ्याची भीती वाटते का. अशा बाईला हे एकटीत विचारलंच पाहिजे. ज्यांना कुणी काही विचारत नाही, त्यांच्यावर काय ओढवतं तेही कुणाला कळत नाही. ती म्हणाली, "त्यो चांगलाय. पोल्ट्रीवर असतो. रोज फोन करतो. सासू वरडती, पर जेवाय देती."

मग म्हटलं, "तुला मला काही विचारायचंय?"

बराच वेळ ती पदराच्या टोकाशी खेळत राहिली. "दुखलं तर वरडू का?"

"ओरड की."

"शाळेत वरडलं की बाईर उभं करायचे."

तिला बाळंतपणाची खोली दाखवून आणली. टेबल, वरचा मोठा दिवा, बाळाला ऊब देणारं यंत्र, भिंतीवरचं घड्याळ. टेबलावर चढून बघायला सांगितलं. ती चढली, पाय कुठे ठेवायचे ते पाहिलं आणि उतरली. बाहेर भिंतीवर 'लक्ष्य' कार्यक्रमाचा फलक आहे, मातेला सन्मानाने वागवू वगैरे. २०१७ साली तो कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आम्हा सगळ्यांना प्रशिक्षण मिळालं होतं. त्यात अशा आईबद्दल एक शब्द ऐकल्याचं मला आठवत नाही.

शुक्रवार, २८ जून

रात्रपाळी. वॉर्ड शांत, म्हणून भाचीने पाठवलेला निकाल वाचून काढला. आता त्याला पंधरा वर्षं होतील.

चंदीगडच्या सरकारी नारी निकेतनात राहणारी, आईबाप नसलेली, सौम्य बौद्धिक दिव्यांग तरुणी. तिथेच तिच्यावर बलात्कार झाला आणि दिवस गेले. प्रशासन गर्भपाताची परवानगी मागायला न्यायालयात गेलं, आणि २००९ च्या जुलैत उच्च न्यायालयाने ती दिली. तिला मूल हवं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे आदेश थांबला आणि २८ ऑगस्ट २००९ रोजी कारणांसह निकाल आला. गर्भपाताच्या कायद्यात पालकाच्या संमतीवर काम भागतं ते दोघींपुरतंच, अल्पवयीन मुलगी आणि मानसिक आजार असलेली बाई. मतिमंदत्व म्हणजे मानसिक आजार नव्हे, तेव्हा तिची स्वतःची संमती लागेल, आणि ती नाही म्हणते आहे. मूल जन्माला घालायचं की नाही हे ठरवणं घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्यातच येतं, असंही न्यायमूर्तींनी म्हटलं.

नंतर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. कलम १० म्हणतं, मूल न होण्याची वेळ आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मुक्त, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. कलम ९ म्हणतं, मूल दिव्यांग आहे एवढ्या कारणावरून ते आईबापांपासून तोडता येणार नाही, तोडायचं तर न्यायालयाचा हुकूम लागेल आणि तो मुलाच्या हितासाठीच असेल. कलम ९२ मध्ये दिव्यांग बाईच्या स्पष्ट संमतीविना गर्भपात करणाऱ्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र तिथे एक फट ठेवली आहे. दिव्यांगत्व तीव्र असेल तर डॉक्टरचं मत आणि पालकाची संमती चालते. तीव्र कशाला म्हणायचं, ते पुन्हा लाल पेनवालाच ठरवणार, हे मला बोचलं.

२००१ साली यातलं काही नव्हतं, असं मनाला सांगून पाहिलं. पण एखाद्या बाईला 'हा अंगठा कशाचा आहे' एवढं सांगायला मला कोणत्या कायद्याने अडवलं होतं?

बुधवार, ३ जुलै

सकाळचे साडेसहा वाजलेत. पाळी संपली, पण हे लिहून मगच घरी जाईन.

रात्री दहाला कळा घेऊन आली. बाराला पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर. ती ओरडत होती, आम्ही सांगितलं होतं तशी, मनसोक्त. शेजारच्या टेबलावरची बाई घाबरली. पहाटे तीनला डॉक्टर मॅडम आल्या. त्याही चोवीस तासांच्या ड्यूटीवर, डोळे लाल. तिचं ओरडणं ऐकून म्हणाल्या, "ही काही जोर द्यायची नाही. हिला कळणारच नाही. जिल्ह्याला पाठवा, सिझर करतील." त्यांनी संदर्भचिठ्ठी मागितली. जिल्ह्याचा दवाखाना दीड तासावर, अर्धा रस्ता खोदलेला.

चिठ्ठी मी हातात घेतली. त्यावर 'पाठवण्याचे कारण' असा रकाना असतो. म्हटलं, "मॅडम, बाळाचे ठोके एकशे चाळीस, पाणी स्वच्छ, तोंड आठ सेंटिमीटर, आलेख जसा वर जायला हवा तसाच जातोय. कारण काय लिहू?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागावतील असं वाटलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "एक तास. ठोके घसरले तर लगेच गाडी." आणि त्या तासात हलल्या नाहीत, हेही लिहून ठेवायला हवं.

तोंड पूर्ण उघडलं, आणि अडचण कुठे होती ते मला तेव्हा दिसलं. तिच्याशी चार माणसं एकदम बोलत होती. आई डोक्याशी, "देवाचं नाव घे." आयाबाई पायाशी, "जोर लाव, जोर लाव." मॅडम, "श्वास रोखून धर." आणि मी. मी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, मॅडमनासुद्धा. तिच्या आईला म्हटलं, तुम्ही फक्त हात धरा. आणि तिला एका वेळी एकच गोष्ट सांगितली. "कळ आली की मला सांग." तिने सांगितलं, "आली." "आता संडासला बसल्यासारखा जोर दे." दिला. "गेली?" "गेली." "आता नुसती पडून राहा, पाणी पी." पुन्हा. पुन्हा. तिसऱ्या कळेनंतर तीच मला सांगायला लागली, "आली, आता देते." इतका नेमका जोर देणाऱ्या पहिलटकरणी माझ्या हाताखालून फार थोड्या गेल्या आहेत, कारण मी जे सांगत होते तेच ती करत होती, त्यात स्वतःचं काही मिसळत नव्हती.

चार वाजून बावीस मिनिटांनी मुलगी झाली. दोन किलो सहाशे. लगेच रडली. पोटावर ठेवली तेव्हा हिने हात वर उचलून धरले, बाळाला लावेनात. मला वाटलं घाबरली. ती म्हणाली, "माझं हात घाण हायती."

ओल्या कापडाने तिचे दोन्ही हात पुसून दिले. मग तिने लावले.

गुरुवार, ४ जुलै

अपेक्षित होतं ते आज झालं. तिच्या आईने मॅडमना गाठून सांगितलं, "आता हिचं आपरेशनच उरकून घ्या. पुन्यांदा नको." त्या माउलीचं मला कळतं. साठीच्या उंबरठ्यावर आहेत, तेवीस वर्षं मुलीसाठी झिजल्या, पुढचं त्यांनाच दिसतं. त्यांना मी मनातूनही दोष देत नाही.

मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, कागद तयार करा."

मी म्हटलं, कागद होणार नाही. नसबंदीच्या सरकारी नियमावलीतच आहे की वैद्यकीय कारण नसेल तर निदान एक मूल वर्षाच्या पुढे गेलेलं हवं. हे तर काल जन्मलं. आणि कलम १० ची प्रत मी पर्समधून काढून टेबलावर ठेवली. दोन दिवस घेऊन फिरत होते.

त्यांनी वाचली. म्हणाल्या, "मग निदान तांबी?"

"बसवू की. तिला समजावून सांगू, वस्तू हातात देऊन दाखवू, ती हो म्हणाली तर बसवू."

"आणि नाही म्हणाली तर?"

"दुसऱ्या बाया नाही म्हणतात तेव्हा आपण काय करतो?"

मॅडम काही बोलल्या नाहीत. प्रत परत दिली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवली.

दुपारी शिकवणी. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर स्केचपेनने चार चित्रं काढली. नळाखाली हात. बाळ छातीशी, त्याचं तोंड मोठं उघडलेलं. खांद्यावर बाळ, ढेकर. ओला लंगोट आणि कोरडा लंगोट. माझी चित्रकला शाळेतच राहिली, पण तिने प्रत्येक चित्र बरोबर ओळखलं. एका वेळी एकच चित्र घेतलं. मी करून दाखवलं, मग तिच्या हातावर हात ठेवून, मग तिने एकटीने. पाजून झालं की त्या हातातली पिवळी बांगडी दुसऱ्या हातात घालायची, म्हणजे पुढच्या वेळी कुठल्या बाजूला घ्यायचं ते कळतं. घड्याळ तिला कळत नाही. म्हणून दोन वाट्या आणि दहा चिंचोके. प्रत्येक वेळी पाजलं की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. सूर्य उगवल्यापासून पुन्हा उगवेपर्यंत निदान आठ गेले पाहिजेत. आणि मी सांगितलं, बाळ हात तोंडात घालायला लागलं की समज भूक लागली.

संध्याकाळपर्यंत शेजारच्या खाटेवरची बाईही बांगडी बदलायला लागली होती.

शनिवार, ६ जुलै

आज घरी गेली. जाताना मावशी आली होती, तिच्या आईची धाकटी बहीण, मूलबाळ नसलेली. तिचं आणि घरच्यांचं आधीच ठरलं होतं की बाळ मावशीने न्यायचं. दारात रिक्षा उभी, मावशीच्या हातात नवं दुपटं. वॉर्डातल्या आमच्या एका सिस्टर हसून म्हणाल्या, "बरंच झालं, दोघींचंही भलं."

ही बाळ घेऊन खाटेवर बसली होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. तिने बाळ पदराखाली घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. रडली नाही, बोलली नाही. मावशी पाठीमागे उभी.

मी मावशीला व्हरांड्यात नेलं आणि सरळ सांगितलं, हिने दिल्याशिवाय तुम्हाला नेता येणार नाही. दत्तक घ्यायचं तर त्याची कायद्याची वाट आहे आणि तीही आईवडिलांच्या होकारातूनच जाते. तिचा नवरा कुठे आहे? फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, "पोरगी आमची हाय. मी सोमवारी येतो." एवढंच. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं.

मावशी पायरीवर बसून रडल्या. मूल नसलेल्या बाईचं दुःख कमी नसतं. त्यांना म्हटलं, तुम्ही महिनाभर बहिणीकडे राहा, हिला हातभार लावा. बाळाला मावशीआजी हवीच असते.

मंगळवार, ९ जुलै

पालखी जिल्ह्यात आहे. अर्धा स्टाफ वारीच्या ड्यूटीवर, त्यामुळे आज दोन वॉर्ड माझ्याकडे. दुपारी आशाताई तिला आणि बाळाला घेऊन आल्या. सातव्या दिवसाची गृहभेट होती. बाळ पिवळं, मलूल, वजन दोन किलो तीनशे.

वॉर्डात कुणी मला काही बोललं नाही. सगळ्यांच्या नजरा मात्र बोलत होत्या. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं, चुकलं का माझं? मावशीकडे दिलं असतं तर? नको तिथे कायदा पुढे केला का? बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवताना माझे हात थरथरत होते.

मग आशाताईंनी पिशवीतून वाट्या काढल्या. हिने हट्ट करून बरोबर घेतल्या होत्या. दुसऱ्या वाटीत पाच चिंचोके.

"कालपण पाचच झालं," ती म्हणाली. "मी आईला सांगितलं, पाचच झाल्यात. आई म्हनली, झोपलंय तर झोपू दे. मावशी म्हनली, झोपू दे. ते हात तोंडात घालीनाच."

मी तिला अर्धंच शिकवलं होतं. हात तोंडात घातले की भूक, हे सांगितलं. काविळीने गुंगलेलं बाळ हात तोंडात घालतच नाही, त्याला उठवून पाजावं लागतं, हे सांगायचं राहिलं. तिने मी सांगितलं ते तंतोतंत केलं, कमी पडतंय हे ओळखलं, दोन दिवस घरच्यांना आकड्यासकट सांगत राहिली. घरात तीन जाणती माणसं होती. कुणी ऐकलं नाही.

पलीकडच्या दिव्याखाली एका पदवीधर बाईचं बाळ आहे, त्याच कारणाने, तितकंच पिवळं. तिला आई व्हायची लायकी आहे का, असं दिवसभरात कुणाच्या मनातही आलेलं नाही.

आज पाचवं चित्र काढलं. झोपलेलं बाळ, त्याचे तळपाय चोळणारं बोट.

गुरुवार, ११ जुलै

रात्री दिवा बंद केला. वजन चढतंय. कालच्या चोवीस तासांत दहाही चिंचोके सरकले. मग तिने वाटी भरली म्हणून माझ्याकडून आणखी दोन मागून घेतले.

बुधवार, १७ जुलै, आषाढी एकादशी

आशाताई उपास असूनही चौदाव्या दिवसाची भेट करून आल्या. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या कामातून ही घरभेटीची पद्धत उभी राहिली आणि पुढे देशभर गेली, हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं. त्याची किंमत आज कळते. कुणीतरी ठरलेल्या दिवशी दारात येणं अशा आईला फार मोलाचं असतं. कुठल्याही आईला असतंच.

वजन दोन किलो सातशे. आशाताई बाळ उचलायला वाकल्या तर ती म्हणाली, "आधी हात धुवा." त्यांनी धुतले.

बुधवार, १४ ऑगस्ट

दीड महिन्याच्या लसी. ती, नवरा आणि बाळ. नवरा लाजरा, बाहेरच उभा राहिला.

आज डॉक्टर मॅडमच लसीकरणाला होत्या. तिचा केसपेपर त्यांनी हातात घेतला, लाल अक्षरांवर त्यांचं बोट क्षणभर थांबलं. मग बाहेरच्या नवऱ्याला न बोलावता त्यांनी तिलाच विचारलं, "किती वेळा पाजतेस?"

"बारा. कधी तेरा."

"रात्री उठतेस?"

"तीनदा."

बाळाला मांडीत सुई टोचली. बाळ रडलं, ती रडली नाही. लगेच अंगावर घेतलं, आणि बांगडी या हातातून त्या हातात गेली. मॅडम ते बघत होत्या. मग त्यांनी ड्रॉवरमधून तांबीचा नमुना काढला, तिच्या तळहातावर ठेवला, आणि सावकाश सांगायला लागल्या. हे काय आहे, कुठे बसवतात, त्याने काय होतं, पाळीला थोडं जास्त जाऊ शकतं, नको वाटलं तर काढता येतं. गोळ्या असतात, इंजेक्शन असतं, नवऱ्याने वापरायचा निरोधही असतो. मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी कुरकुरलं. मॅडम थांबल्या नाहीत.

तिने तांबी उलटीसुलटी करून पाहिली, दोऱ्याला हात लावला. "आज नको," ती म्हणाली. "त्याला पण इचारते. मग सांगते."

मॅडमनी मान हलवली. केसपेपरवर तारीख घातली आणि खाली निळ्या शाईने लिहिलं, 'गर्भनिरोधक साधनांची माहिती मातेस दिली. मातेने विचार करण्यास वेळ मागितला आहे.'